पट्टाया : नवा 'टर्मिनल २१' मॉल – घरच्यांना घेऊन जावं का?

चिंचगूळ | १८ डिसेंबर २०१८

नमस्कार मंडळी,

थायलंडवर इथे भरपूर लिहून झालंय, पण पट्टायातल्या 'टर्मिनल २१' मॉलवर काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय. मॉल अगदी ताजा आहे, याच वर्षी १९ ऑक्टोबरला उघडला. बँकॉकला असोक स्टेशनला लागून याच नावाचा मॉल २०११ पासून आहे, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दुसरा ईशान्य थायलंडमधल्या कोराट शहरात, आणि हा तिसरा.

आम्ही दोघं, सासू-सासरे आणि लेक असे गेलो होतो. १५ नोव्हेंबरपासून व्हिसा ऑन अरायव्हलची २००० बाट फी माफ झालीय. पाच जणांचे मिळून साडेएकवीस हजार रुपयांच्या आसपास वाचले, म्हणूनच खरं तर बेत ठरला.

मुद्द्याचं लिहिते. आपल्याकडच्या प्रवासी कंपन्या बँकॉकला पट्टाया जोडूनच देतात, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी आणि मुलं तिथे जातातच. दिवस छान जातो : कोरल आयलंड, नाँग नूच बाग, लाकडी 'सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ'. प्रश्न येतो संध्याकाळचा. सहानंतर घरच्यांनी कुठे बसायचं? बारच्या वस्तीच्या वॉकिंग स्ट्रीटवर न्यायचं नाही, बीच रोडच्या फुटपाथवर सासूबाईंना तासभर उभं राहवत नाही, आणि हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघायला कुणी एवढं लांब येत नाही. त्या वेळेसाठी हा मॉल आम्हाला फार उपयोगी पडला.

कल्पना विमानतळाची आहे. दारातच मोठं विमान उभं केलंय, सरकत्या जिन्यांवर डिपार्चर-अरायव्हलच्या पाट्या आहेत आणि प्रत्येक मजला म्हणजे वेगळं शहर किंवा देश : पॅरिस, लंडन, इटली, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, हॉलिवूड. आयफेल टॉवर आहे, गोल्डन गेट पूल आहे. सासऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर सासूबाईंना उभं करून फोटो काढले. त्या एरवी फोटोला नाही म्हणतात, इथे स्वतःहून पदर सारखा करून उभ्या राहत होत्या.

खाण्यासाठी 'पिअर २१' नावाचं फूड कोर्ट आहे. आधी काउंटरवर पैसे देऊन कार्ड घ्यायचं, मग हव्या त्या स्टॉलवर कार्ड दाखवायचं. उरलेले पैसे त्याच दिवशी परत मिळतात. बरेचसे पदार्थ ३० ते ५० बाटला आहेत. पर्यटकांच्या गावात एवढ्या स्वच्छ ठिकाणी हा भाव म्हणजे खरंच स्वस्त.

आणि हो, स्वच्छतागृहं! फुकट, चकचकीत आणि पाण्याची सोय असलेली. ज्यांना ज्येष्ठांबरोबर फिरायचंय त्यांना याचं मोल कळेल.

कमतरता म्हणजे बसायला जागा कमी. फूड कोर्ट आणि कॉफीची दुकानं सोडली तर बाकडी फार नाहीत. संध्याकाळी सातनंतर गर्दीही बरीच होते.

अजून कुणी गेलं असेल तर लिहा. शाकाहारींनी विशेष करून लिहा. आम्ही मासे-कोंबडी खाणारे, त्यामुळे त्या बाजूनं मला फार सांगता येणार नाही.

डोंबिवलीकर | १८ डिसेंबर २०१८

छान लिहिलंय. पण मनातला प्रश्न विचारतो, राग मानू नका. मॉल बघायला थायलंडला कशाला जायचं? मॉल इथे ठाण्या-मुंबईत पायलीला पन्नास आहेत. त्यातून थायलंडमध्ये जाऊन नकली आयफेल टॉवर बघायचा, म्हणजे ना थायलंड बघितलं ना पॅरिस. ज्या देशात जातो तिथलं काहीतरी बघावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या टूरमध्ये अर्धा दिवस रत्नांच्या दुकानात आणि अर्धा दिवस चामड्याच्या दुकानात घालवला होता, तेव्हापासून परदेशात 'खरेदी' हा शब्द ऐकला तरी नको वाटतं.

चिंचगूळ | १८ डिसेंबर २०१८

@डोंबिवलीकर, राग कसला! टूरवाले दुकानात डांबतात तो प्रकार वेगळाच, तिथे तर मीही बसमधून उतरत नाही. इथे कुणी मागे लागत नाही. काही न घेता तीन तास बसलात तरी चालतं, आणि आम्ही तेच केलं.

श्रीराचाकर | १९ डिसेंबर २०१८

धागा बघून राहवलं नाही. मी पट्टायाच्या उत्तरेला श्रीराचाला राहतो. लेम चबांग बंदर आणि आजूबाजूच्या औद्योगिक वसाहती इथे जवळ आहेत, वाहन उद्योगातली पुण्याकडची थोडीफार मंडळीही आहेत. पट्टायाला बायको-मुलांसह नेहमी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे डोंबिवलीकरांचा मुद्दा. नकली पॅरिस बघायला येणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण आहेत, ते तिथे उभं राहून बघा. थाई लोकच आहेत. शनिवारी-रविवारी चोनबुरी, रयोंग, बँकॉकहून सहकुटुंब येतात. एरवी संध्याकाळी पिअर २१ मध्ये माझ्या शेजारच्या टेबलांवर हॉटेलच्या गणवेशातल्या मुली असतात, मसाज पार्लरमधल्या बायका असतात, मोटरसायकल टॅक्सीवाले असतात. त्यांतले कितीतरी ईसानहून, म्हणजे ईशान्येकडच्या शेतीच्या भागातून, पोटासाठी इथे आलेले. पॅरिसला जाणं त्यांच्या आवाक्यात नाही. ४० बाटमध्ये गारव्यात बसून पोटभर जेवायचं, आयफेल टॉवरपुढे फोटो काढून गावाकडे आईला पाठवायचा, हे आवाक्यात आहे. मला तर हेच आजचं थायलंड वाटतं. देवळात जेवढं दिसतं तेवढंच इथेही दिसतं.

दुसरं म्हणजे गावाची गोष्ट. पट्टाया हे मासेमारीचं खेडं होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात जवळच उ-तपाओला अमेरिकन विमानदळाचा तळ होता आणि सैनिक सुट्टीला या किनाऱ्यावर यायचे. बार आणि रंगेल रात्रींसाठी गावाचं जे नाव झालं ते तेव्हापासून. ते पुसायचा प्रयत्न इथे बरीच वर्षं चाललाय आणि त्यात मॉलचा वाटा मोठा आहे. २००९ साली ऐन बीच रोडवर सेंट्रल फेस्टिव्हल उघडलं, तेव्हापासून घरगुती गिऱ्हाईक दिसायला लागलं. त्याच्याही आधीपासून रॉयल गार्डन प्लाझा आहे. त्याच्या भिंतीत विमान घुसलेलं दाखवलंय, तुमच्यापैकी अनेकांनी रिप्लेच्या संग्रहालयाबाहेर ते पाहिलं असेल. आता हा टर्मिनल २१ उत्तर टोकाला, सेकंड रोडवर, डॉल्फिन चौकाजवळ आलाय. अल्काझार या नाच-गाण्याच्या कॅबरेचा कार्यक्रम असतो ते नाट्यगृह तिथून जवळच. कार्यक्रमाआधी जेवायला सोयीचं.

तिसरं, जायचं कसं. बीच रोड एकेरी आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे. सेकंड रोडही एकेरी, पण दक्षिणेकडून उत्तरेकडे. म्हणून मॉलला जाताना सेकंड रोडवर उभं राहायचं. निळ्या रंगाच्या, मागे दोन बाकं असलेल्या गाड्या येतात, त्यांना बाट बस म्हणतात. हात करायचा, मागे चढायचं, मॉल आला की छताची घंटी दाबायची, उतरून ड्रायव्हरला माणशी १० बाट द्यायचे. चढताना 'किती घेणार?' विचारू नका. विचारलंत की तुम्हाला पूर्ण गाडी हवीय असं समजून तो दोनशे सांगतो. सुटे पैसे जवळ ठेवा. ज्येष्ठांना चढायला मागची पायरी जरा उंच पडते, एक जण खाली आणि एक जण वर असं हाताला धरून चढवा.

कोकणकडा | १९ डिसेंबर २०१८

@श्रीराचाकर, सुरेख प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझी आई कांदा-लसूणसुद्धा खात नाही. चातुर्मासातच नाही, बारा महिने. तिला घेऊन फेब्रुवारीत जायचंय. पट्टायात भारतीय हॉटेलं भरपूर आहेत हे माहीत आहे, पण तिथेही कांदा-लसूण असतोच. मॉलमध्ये तिच्यासाठी काही मिळेल का, की फळांवरच दिवस काढायचे?

श्रीराचाकर | १९ डिसेंबर २०१८

@कोकणकडा, तुमच्या आईंसाठी थायलंड वाटतं तितकं अवघड नाही. इथे 'जे' नावाचा आहार आहे, चिनी वंशाच्या लोकांमुळे आलेला. त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस 'जे'चा उत्सव असतो, तेव्हा गावभर पिवळे झेंडे लागतात. एरवीही काही स्टॉल वर्षभर 'जे' करतात. ओळखायची खूण : पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं, लांबून आपल्याला इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसतात. ती पाटी आईंना फोनवर दाखवून ठेवा, त्या स्वतः शोधतील. 'गिन जे' एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं.

सावध कुठे राहायचं ते सांगतो. साध्या स्टॉलवर 'व्हेज' म्हणालात तर तुकडे काढून देतील, पण फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस तसाच राहील. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, मांसाहार नव्हे. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, बिनधोक वाटते, पण तिच्यात सुका जवळा आणि फिश सॉस दोन्ही असतात. समोर कुटून देतात, तेव्हा आधीच 'माय साय नाम प्ला' (फिश सॉस घालू नका) सांगायचं आणि जवळ्याच्या डब्याकडे बोट दाखवून हातानं नको म्हणायचं.

आंबा-चिकट भात बिनधास्त खा. भात नारळाच्या दुधात मुरवलेला असतो, वर चिमूटभर खारट दाणे. कोकणातल्या माणसाला परका वाटणार नाही.

सातारी_कंदी | २१ डिसेंबर २०१८

आम्हीपण नोव्हेंबरात जाऊन आलो. +१ चिंचगूळताईंना.

खरेदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोठ्या ब्रँडांच्या कपड्यांत आपल्यापेक्षा फार फरक नाही, तिथे वेळ घालवू नये. पण लहान दुकानदारांचे गाळे आहेत, त्यांत थाई मुलामुलींनी शिवलेले कपडे, कानातली, कापडी पिशव्या बऱ्या मिळाल्या. भावात घासाघीस होत नाही, पाटीवरची किंमत द्यायची. घासाघीस करायची हौस असेल तर शुक्रवार ते रविवार थेप्रसित रोडचा रात्रीचा बाजार करावा.

व्हॅटचे ७ टक्के परत मिळतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 'व्हॅट रिफंड फॉर टुरिस्ट्स'ची पाटी असलेल्या दुकानात एकाच दिवशी २००० बाटच्या वर खरेदी झाली पाहिजे. पासपोर्ट दाखवून तिथल्या तिथे अर्ज भरून घ्यायचा, नंतर मिळत नाही. विमानतळावर मोठी बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमकडे जायचं, कारण ते वस्तू बघायला मागू शकतात. पैसे मिळण्याचा काउंटर मात्र इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. प्रक्रिया शुल्क कापून देतात, म्हणून छोट्या खरेदीसाठी धावपळ परवडत नाही. बहिणीसाठी घेतलेल्या घड्याळावर आम्हाला चांगले पैसे मिळाले.

पैसे बदलायला पिवळ्या टीटीच्या टपऱ्या बघा, विमानतळापेक्षा बराच चांगला भाव देतात. एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट जातात.

आजोळ | २२ डिसेंबर २०१८

मला या चर्चेत एक बाजू कमी वाटते. आम्ही पट्टायाला पूर्वीपासून जातो, यजमानांचा कापडाचा व्यवसाय आहे. सेकंड रोडच्या गल्ल्यांत लहान लहान खाणावळी होत्या, नवरा-बायको मिळून चालवायची. त्यांतल्या एका बाईंकडे आम्ही नेमानं जेवायचो. या वेळी गेले तर दुपारी दुकान रिकामं. त्यांनी मॉलच्या दिशेनं हात केला, बाकी काही बोलल्या नाहीत. मॉलवाल्यांना फूड कोर्टात नफा नको असतो, तिथून आलेली गर्दी वरच्या मजल्यांवर खर्च करते. त्या बाईंना वरचे मजले नाहीत. गारवा त्या कुठून देणार? श्रीराचाकर म्हणतात ते कष्टकरी लोकांच्या जेवणाचं खरं आहे आणि मला ते पटतं. पण स्वस्ताईची किंमत दुसरं कुणीतरी मोजतंय, हेही लिहून ठेवावंसं वाटलं.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, एक जेवण मॉलमध्ये घ्या आणि एक बाहेर, गल्लीत.

श्रीराचाकर | २२ डिसेंबर २०१८

@आजोळ, तुमचं म्हणणं अगदी मान्य. इथे राहून हे रोज दिसतं. एक भर घालतो. सकाळी मॉल अकराला उघडतात, त्यामुळे सकाळचं खाणं अजूनही पूर्णपणे गल्लीचंच आहे. सहा-सात वाजता बाहेर पडा. जोक म्हणजे तांदळाची मऊ पेज, आल्याच्या बारीक कापांसकट. आणि पाथोंगको, म्हणजे गरम तेलातून काढलेले जोडपट्टीचे मैद्याचे वडे, सोबत सोयाचं गरम दूध. ज्या बाई खाणावळ चालवतात त्यांच्याकडे सकाळी जा, तेव्हा त्यांना मॉलची स्पर्धा नसते.

डोंबिवलीकर | २३ डिसेंबर २०१८

आजोळ आणि श्रीराचाकर, दोघांचेही प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मॉलबद्दल माझं मत तेच आहे, पण सकाळची पेज खायला मी नक्की जाईन.

दहावी_नापसंत | ५ मे २०१९

मी कॉलेजला आहे, आई-बाबांबरोबर एप्रिलमध्ये गेले होते. परीक्षा संपल्यावर जाणाऱ्यांनी हे वाचा. सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, १३ ते १५ एप्रिलला असतं, पण पट्टायात पाण्याचा खेळ पुढेही चालतो आणि सगळ्यात मोठा दिवस १९ एप्रिल असतो. आम्ही त्याच दिवशी बाहेर पडलो. बाट बसमध्ये बसलेल्या माणसांवर दोन्ही बाजूंनी बादल्या. बर्फाचं पाणी! रस्ते पूर्ण तुंबलेले. बाबांचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला. शेवटी चालत मॉलला गेलो. दारात गार्ड ओल्या लोकांसाठी पुठ्ठे टाकून उभे होते आणि सगळ्यांना हसून आत सोडत होते.

हॉलिवूडच्या मजल्यावर सिनेमा बघितला. सिनेमाआधी राजाचं गीत लागतं आणि सगळे उठून उभे राहतात. आपल्याकडे महाराष्ट्रात थिएटरात राष्ट्रगीताला राहतो तसंच. आई-बाबा कुणी न सांगता उभे राहिले. शेजारच्या थाई आजींनी नंतर वळून आईला हात जोडले.

कोकणकडा | ७ मे २०१९

उशिरा लिहितोय. आईला घेऊन जाऊन आलो. पिवळी पाटी तिनंच शोधली! टोफू आणि मशरूमची भाजी, भात, वर लाल मिरचीचं पाणी. थाळी हातात घेतल्यावर दोनदा वास घेतला, मग म्हणाली, 'लसूण नाही हो यात.' दुसऱ्या दिवशी आपणहून तिकडेच चल म्हणाली. परदेशात आईला ताटावर बसून निर्धास्त जेवताना मी पहिल्यांदाच बघितलं. श्रीराचाकर, तुमचे उपकार आहेत.

निवृत्त_फिरस्ता | १० फेब्रुवारी २०२०

परवाची बातमी वाचून धागा वर आणतोय. कोराटच्या टर्मिनल २१ मध्ये एका सैनिकानं गोळीबार केला, जवळपास तीस माणसं गेली. आमचं मार्चचं बुकिंग आहे, पट्टायाच्या याच मॉलजवळचं हॉटेल. मुलगी म्हणते रद्द करा. तिकडचं वातावरण कसं आहे?

श्रीराचाकर | १० फेब्रुवारी २०२०

@निवृत्त_फिरस्ता, आमच्या कंपनीत कोराटची बरीच माणसं आहेत. शनिवारची रात्र कुणीच झोपलं नाही. लोक तासन्‌तास स्वच्छतागृहांत आणि दुकानांच्या मागच्या खोल्यांत दडून बसले होते, घरच्यांना फोनवरून कुजबुजून कळवत होते. माझ्या हाताखालच्या एका मुलाची चुलतबहीण तशीच पहाटे सुखरूप बाहेर आली. आज तो कामावर आलाय, पण बोलत नाही.

कोराट इथून बरंच लांब, ईशान्येच्या वाटेवर आहे. पट्टायात आज मॉल उघडे आहेत, दारात बॅगा तपासतायत. अशा माथेफिरूपणाची भीती धरून प्रवास रद्द करावा असं मला वाटत नाही. पण चीनमधल्या साथीचं मात्र बघा. पट्टायाला चिनी गटांच्या बसच्या बस यायच्या, आता त्या दिसेनाशा झाल्यात. मार्चचा निर्णय त्या अंगानं घ्या. परतावा मिळणारी तिकिटं असतील तर थोडं थांबून ठरवा.

निवृत्त_फिरस्ता | ८ मार्च २०२०

रद्द केलं. हॉटेलनं पैसे परत दिले नाहीत, पुढची तारीख दिलीय. त्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला आमचा नमस्कार सांगा.

श्रीराचाकर | २० मे २०२०

१७ तारखेपासून मॉल पुन्हा उघडलेत. दारात ताप बघतात, आत जाताना आणि बाहेर पडताना फोनवर कोड स्कॅन करायचा, टेबलांवर मधे पारदर्शक पडदे. काल कामानं पट्टायाला गेलो होतो. टर्मिनलमध्ये शिरलो तर लंडनच्या मजल्यावर मी आणि दोन विक्रेत्या मुली. बाहेर रस्त्यावर मात्र फुकट जेवणाच्या पाकिटांसाठी लांबलचक रांगा. त्या रांगांत मला तेच गणवेशवाले चेहरे दिसले, ज्यांच्याबद्दल मी दीड वर्षापूर्वी इथे लिहिलं होतं. हॉटेलं बंद, पगार बंद, कित्येक जण ईसानला परत गेले.

@आजोळ, तुमच्या त्या खाणावळवाल्या बाईंची गल्ली सांगा, जाऊन बघून येतो.

आजोळ | २० मे २०२०

व्यक्तिगत निरोपात कळवलंय. मनापासून आभार.

श्रीराचाकर | २६ मे २०२०

आजोळताईंच्या परवानगीनं लिहितो. बाई सुखरूप आहेत. खाणावळ बंद केलीय, पण दारात टेबल टाकून डबे विकतात आणि उरलेलं रांगेतल्या लोकांना देतात. ताईंचा फोटो दाखवला तर लगेच ओळखलं.

भाकरतुकडा | १४ जानेवारी २०२४

धागा वाचून काढला, डोळ्यांत पाणी आलं. आता ताजी माहिती देतो.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडला ३० दिवस व्हिसा लागत नाही, त्यामुळे पट्टायात आपली माणसं पुष्कळ दिसतात. टर्मिनल २१ व्यवस्थित चालू आहे, गर्दी परत आलीय. पिअर २१ चे भाव थोडे वाढलेत, पण बाहेरच्या मानानं अजून स्वस्तच. बाट मात्र २ रुपये ४० पैशांच्या आसपास झालाय, हिशेब करताना लक्षात ठेवा.

मुलं बरोबर असणाऱ्यांनी एक काळजी घ्या. २०२२ मध्ये थायलंडमध्ये गांजा मोकळा झाला आणि गावात जागोजागी हिरव्या पानाच्या चित्राची दुकानं आहेत. बिस्किटं, गोळ्या, शीतपेयं यांतही घालतात आणि वेष्टनं रंगीत असतात. पानाचं चित्र असलेलं काहीही मुलांच्या हातात देऊ नका, आणि भेट म्हणून भारतात तर अजिबात आणू नका, आपल्याकडे थेट अटक होते. ई-सिगारेट थायलंडमध्येही बेकायदा आहे. रस्त्यावर विकायला ठेवलेली दिसली तरी घेऊ नका.

चिंचगूळ | १५ जानेवारी २०२४

@भाकरतुकडा, फार महत्त्वाचं लिहिलंत. पानाचा मुद्दा मी आमच्या सोसायटीच्या गटावरही टाकते, पुढच्या महिन्यात तीन कुटुंबं जातायत.

निवृत्त_फिरस्ता | ३ मार्च २०२४

अखेर जाऊन आलो! पत्नीचं मधल्या काळात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे व्हीलचेअर होती. त्या नजरेनं लिहितो.

मॉलच्या आत काही अडचण नाही. लिफ्ट आहेत, जमीन सपाट आहे, स्वच्छतागृहात खुर्चीला वेगळी जागा आहे. फक्त सगळा थाट सरकत्या जिन्यांभोवती मांडलाय, लिफ्ट कोपऱ्यात आहेत आणि संध्याकाळी बाबागाड्यांची रांग लागते. दुपारी तीन ते पाच सगळ्यात बरी वेळ. बाहेर उन्हाचा कडाका, आत निवांत.

खरी कसोटी बाहेर आहे. फुटपाथ उंच-सखल, मधेच खांब, मधेच खाण्याची गाडी. बाट बसमध्ये खुर्ची चढत नाही. आम्ही ॲपवरून मोटार बोलवायचो, खुर्ची डिकीत मावते ना ते ड्रायव्हरला आधी विचारायचो. किनारा नकाशात अगदी जवळ दिसतो, पण खुर्ची ढकलत रस्ता ओलांडणं एकट्याचं काम नाही. सिग्नल नसेल तिथे गाड्या थांबत नाहीत.

पत्नीला टोकियोचा मजला आवडला, लाल कमान आणि कंदील. एका दुकानातल्या मुलीनं खाली बसून तिच्या पायात चपला घालून बघितल्या, तीन-चार जोड, काही घेतलं नाही तरी चेहरा तसाच हसरा.

नागपुरी_संत्री | २ मे २०२५

आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय जी, सोबत आजी आणि जुळी मुलं. कालपासून तो डिजिटल अरायव्हल कार्डाचा नियम लागू झाला म्हणतात. एका एजंटनं त्याचे माणशी हजार रुपये सांगितले. देऊन टाकू का?

भाकरतुकडा | २ मे २०२५

@नागपुरी_संत्री, एक रुपयाही देऊ नका. १ मेपासून लागू झालंय हे खरं, पण अर्ज थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट भरता येतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. प्रत्येकाचा वेगळा, जुळ्यांचेही दोन आणि आजींचाही. पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक आणि पहिल्या हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. भरल्यावर कोड येतो तो फोनमध्ये ठेवा आणि आजींचा छापून त्यांच्या पर्समध्ये द्या. व्हिसा वेगळा लागत नाही, गेल्या जुलैपासून मुक्काम ६० दिवसांचा झालाय.

चिंचगूळ | २ मे २०२५

@नागपुरी_संत्री, जुळ्यांच्या खिशात हॉटेलचं कार्ड घालून ठेवा. मॉलमध्ये मुलं मजल्यामजल्यांवर पांगतात. भेटायची जागा आधी ठरवा, आयफेल टॉवरचा पाया सगळ्यात सोपा, कुठल्याही दुकानातली मुलगी हात करून दाखवते. आजींसाठी पातळ शाल घ्या, आतला एसी फार गार असतो. आल्यावर इथे लिहा, विशेषतः फूड कोर्टातली 'जे'ची खिडकी चालू आहे का ते. पुढच्या वेळी कोकणकडांच्या आईंबरोबर माझी मावशीही जायचं म्हणतेय.